पैलवानाचे वजन : नजर, काटा आणि चरबीचा हिशेब

पैलवानाने किती वजन उतरवावे, हे ठरवण्याच्या तीन पद्धती महाराष्ट्राच्या कुस्तीत एकामागून एक आल्या. पहिली वस्तादाच्या आणि पंचांच्या नजरेची, दुसरी काट्याची आणि तिसरी अंगातली चरबी मोजून हिशेब मांडण्याची. नजर अंगलट पाहते. काटा एकूण भार सांगतो. त्या भारातले नेमके काय कमी करता येईल, हे चरबीच्या मापावरून कळते. नवी पद्धत आल्यावर जुनी मोडीत निघाली असे झाले नाही. जत्रेच्या मैदानात अजून नजर चालते आणि स्पर्धेत काटा, तर चरबी मोजण्याचा चिमटा क्रीडावैद्यकातून आला. या वाटचालीच्या मधल्या टप्प्यावर आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे, नाव येते. महाराष्ट्र केसरी किताबाची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये याच शहरात झाली.

मल्लांची जुनी वर्गवारी

मराठवाड्याचा प्रदेश बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या सुमाराचा आहे. राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकींचे वर्णन करताना त्यात मल्लविद्येला स्वतंत्र जागा दिली आहे. मल्लांची वय, देह आणि बळ यांनुसार वर्गवारी, त्यांचा आहार आणि रोजची मेहनत यांची नोंद तिथे सापडते. समान तोडीच्या मल्लांनीच एकमेकांशी लढावे ही कल्पना या भागात इतकी जुनी आहे. तोड ठरवण्याचे साधन मात्र डोळा हेच होते.

पुढे मराठेशाहीत आणि संस्थानांच्या काळात तालमींना राजाश्रय मिळाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेले बळ सर्वांत ठळक आहे. १९१२ मध्ये पूर्ण झालेले तिथले खासबाग मैदान आजही कुस्तीची पंढरी मानले जाते. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या मराठी ‘व्यायामज्ञानकोशा’ने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या साऱ्या परंपरेची नोंद एका जागी आणली. या परंपरेत वजन ही कमावण्याची गोष्ट होती. ते उतरवण्याचा प्रश्न सहसा पडत नसे.

तालमीतला खुराक आणि जत्रेतली जोड

तालमीतल्या पैलवानाचा दिवस पहाटे सुरू होतो. जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणे, हौद्यातली माती खोऱ्याने खणून भुसभुशीत करणे आणि मग लढती, असा क्रम असतो. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेले असते. मेहनतीच्या जोडीला खुराक येतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, खारीक, केळी, अंडी आणि मटण हे त्यातले मुख्य जिन्नस. शेतकरी घरातून पोरगा तालमीत पाठवायचा, तर त्याच्या खुराकासाठी घरची एखादी म्हैस राखून ठेवण्याची चाल पुष्कळ गावांत होती. अंग भरले, मान जाड झाली, छाती रुंदावली की वस्तादाला पोरगा तयार होत असल्याचे कळे. पोट सुटले तर तोच वस्ताद खुराक न तोडता बैठका वाढवी. अंगावर चढलेले मांस कोणते आणि चरबी कोणती, हे तो पोराच्या चालीवरून, दमसासावरून आणि हाताला लागणाऱ्या घट्टपणावरून ओळखी.

जत्रेतल्या मैदानात हीच नजर निवाडा करी. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा किंवा लातूरची सिद्धेश्वर यात्रा कुस्त्यांशिवाय पुरी होत नाही. अशा मैदानात जोड लावण्याचे काम गावचे जुने पैलवान करतात. लंगोट घातलेला पोरगा हलगीच्या तालावर मैदानाला फेरी मारतो आणि हात वर करून आव्हान देतो. समोरून दुसरा उतरला की पंच दोघांना शेजारी उभे करतात. आधी खांद्याला खांदा लावून उंची पाहतात, मग मनगट आणि मान. कान मोडलेला असेल तर पोरगा किती वर्षे तालमीत आहे याचा अंदाज बांधतात. एक अंगाने भारी वाटला तर जोड मोडतात, नाहीतर इनाम सांगून हातसलामी घडवतात. लहान पोरांची कुस्ती रेवड्यांवर सुटते आणि शेवटची मानाची कुस्ती मोठ्या इनामाची असते. दोन-चार किलोंचा फरक कोणी मोजत नाही, कारण निकाल चितपटीवर असतो आणि डाव, दम, अनुभव या गोष्टींनी तो फरक भरून निघतो असे मानले जाते.

नजरेच्या या पद्धतीचा एक गुण होता. काट्याखाली बसण्यासाठी उपाशी राहण्याची वेळ तिने कोणावर आणली नाही. दोष असा, की एका गावाची नजर दुसऱ्या गावाला बांधील नसते. राज्यभराची स्पर्धा भरवायची तर सर्वांना मान्य होईल असे माप हवे होते.

औरंगाबाद, १९६१

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या उभारणीत मामासाहेब मोहोळ यांचा वाटा मोठा आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्यानंतरच्याच वर्षी परिषदेने राज्याच्या सर्वश्रेष्ठ मल्लासाठी महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू केला. पहिल्या स्पर्धेचे स्थळ औरंगाबाद होते आणि पहिले महाराष्ट्र केसरी ठरले दिनकर दह्यारी. मराठवाडा तोवर निजामाच्या हैदराबाद संस्थानातून (१९४८) आणि मग हैदराबाद राज्यातून (१९५६) बाहेर पडून मराठी भाषकांच्या राज्यात आला होता. शहरात १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नव्या राज्याची कुस्ती मराठवाड्याच्या राजधानीत सुरू होणे, या घडामोडींच्या ओघात बसणारे होते.

त्याच वर्षांत देशाची वजने-मापेही बदलत होती. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली गेली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यवहारात इतर मापांना बंदी आली. म्हणजे औरंगाबादची स्पर्धा झाली तेव्हा बाजारपेठेत शेर आणि किलो यांची अदलाबदल चालू होती. ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा आणि ४० शेरांचा मण सुमारे ३७.३ किलोंचा होता. या मापाने दोन मण भरणारा गडी ७४.६ किलोंचा, म्हणजे आजच्या ७४ किलो गटाच्या रेषेवरून ६०० ग्रॅमने वर. मणाच्या हिशेबात हा फरक नगण्य होता. किलो आणि ग्रॅमच्या हिशेबात तोच पैलवानाला स्पर्धेबाहेर काढण्याइतका मोठा झाला.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत पुढे माती आणि गादी असे दोन विभाग झाले. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता यांच्यात किताबाची अंतिम लढत होते. विजेत्याला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा मिळते. अलीकडच्या स्पर्धांमध्ये केसरी गट ८६ ते १२५ किलोंचा असतो आणि त्याखाली ५७ किलोंपासून वेगवेगळे गट असतात. किताबाचा मान वरच्या गटाला असल्याने महाराष्ट्रात जड पैलवानाचे आकर्षण टिकून राहिले. ऑलिंपिकच्या वाटेवर मात्र काटा वेगळे मागत होता.

वजनगटांचे गणित

आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्या वर्षी, १८९६ मध्ये, कुस्तीला वजनगट नव्हते. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये ते आले आणि पुढे कायम झाले. महाराष्ट्राच्या मातीतला पैलवान या काट्यावर जागतिक पातळीवर चढला तो १९४८ मध्ये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडनला ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दोन स्पर्धांमध्ये फरक एका गटाचा, पाच किलोंचा होता.

गटांची संख्या पुढे बदलत गेली. १९७२ ते १९९६ या काळात फ्रीस्टाइलमध्ये दहा गट होते, २००० मध्ये आठ झाले, २००४ पासून पुरुषांसाठी सात आणि २०१६ पासून सहा. आजचे पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे ऑलिंपिक गट ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलोंचे आहेत. गट जितके कमी, तितके दोन गटांमधले अंतर जास्त. ज्याचे स्वाभाविक वजन दोन रेषांच्या मध्ये येते, त्याला वर चढून आपल्याहून जड माणसाशी लढावे लागते किंवा खाली उतरावे लागते.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे हे याचे मराठवाड्यातले उदाहरण. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. ६१ किलो हा गट जागतिक स्पर्धेत आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी किताब मिळवला, तो वरच्या वजनाच्या गटात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र ते ७४ किलो गटात लढले. एकाच पैलवानाला दोन वेगवेगळ्या वजनांचे कसब लागते, ही स्थिती तालमीच्या जुन्या जगात नव्हती.

पाणी उतरते, चरबी राहते

काट्यासाठी झटपट वजन उतरवण्याची रीत जगभर सारखीच आहे. जेवण तोडायचे, पाणी तोडायचे, गरम कपडे किंवा रबरी सूट घालून धावायचे, बाष्पस्नान घ्यायचे. एक लिटर घाम गेला की काट्यावर एक किलो कमी होतो. अंगावरच्या चरबीचा एक किलो जाळायचा तर साधारण ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. रोज ५०० किलोकॅलरींची तूट धरली तर त्याला पंधरा दिवस लागतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) अमन सेहरावत यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. त्याआधीच्या रात्री दहा तासांत त्यांनी ४.६ किलो वजन उतरवल्याचे त्यांच्या प्रशिक्षकांकडून सांगितले गेले. एवढी चरबी जाळायची तर ३५,००० हून जास्त किलोकॅलरी खर्चाव्या लागल्या असत्या. कोणत्याही माणसाला एका रात्रीत ते शक्य नाही. उतरले ते जवळपास सगळे पाणी, त्याच्यासोबत स्नायूंतले साठवलेले ग्लायकोजेन आणि आतड्यातला भार. त्याच स्पर्धेत ७ ऑगस्टच्या सकाळी विनेश फोगाट ५० किलोंच्या अंतिम लढतीआधी १०० ग्रॅमने जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या. १०० ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी.

पूर्वी वजन स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी घेतले जाई. काटा झाला की रात्रभर पाणी, मीठ, अन्न घेऊन पैलवान सकाळपर्यंत सावरत असे. २०१८ पासून जागतिक कुस्ती संघटनेने नियम बदलला. एका गटाच्या लढती दोन दिवस चालतात आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतले जाते, पहिल्या दिवशी अर्धा तास आणि दुसऱ्या दिवशी पाव तास. अंगावरच्या पोशाखाची वेगळी सूट मिळत नाही. मोठ्या प्रमाणात पाणी तोडणे तोट्याचे ठरावे हा बदलाचा हेतू होता.

पाणी तोडण्याचा धोका १९९७ च्या शेवटी अमेरिकेत ठळकपणे समोर आला. नोव्हेंबर-डिसेंबरच्या साधारण एका महिन्यात तिथले तीन महाविद्यालयीन कुस्तीपटू वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नियम केला, की हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची चरबी मोजायची. ती मोजण्याआधी लघवी तपासून अंगात पुरेसे पाणी असल्याची खात्री करायची. मग चरबी ५ टक्क्यांवर आली असता जे वजन भरेल, त्याच्या खालच्या गटात त्याला लढू द्यायचे नाही आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरू द्यायचे नाही. शालेय मुलांसाठी ही रेषा ७ टक्के आणि मुलींसाठी १२ टक्के ठेवली गेली. ‘किती वजन उतरवायचे’ या प्रश्नाला काट्याऐवजी चरबीवरून उत्तर देणारा हा कुस्तीतला मोठा नियम.

चरबी मोजण्याचे शास्त्र

या नियमामागचे शास्त्र त्याहून अर्धशतकाने जुने आहे. अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये माणसाला पाण्याखाली तोलून त्याच्या देहाची घनता काढली. चरबीची घनता सुमारे ०.९ आणि चरबी वगळता उरलेल्या देहाची सुमारे १.१ असते. त्यामुळे घनतेवरून चरबीचा वाटा काढता येतो. उंचीच्या तक्त्यात जादा वजनाचे ठरणारे धिप्पाड खेळाडू प्रत्यक्षात कमी चरबीचे असतात, हे त्यांनी दाखवले. विल्यम सिरी यांनी १९६१ मध्ये यासाठी सोपे सूत्र मांडले: ४९५ ला घनतेने भागायचे आणि ४५० वजा करायचे. घनता १.०६ असेल तर चरबी १७ टक्के येते. औरंगाबादला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली, ते हेच वर्ष.

पाण्याखाली तोलण्याची सोय तालमीत होणे अवघड. ती अडचण कातडीच्या घड्या मोजण्याने दूर झाली. १९७४ मध्ये डर्निन आणि वूमर्सली यांनी ग्लासगोतील ४८१ स्त्री-पुरुषांच्या मापांवरून दंडाची पुढची व मागची बाजू, खांद्याच्या पात्याखालची आणि कमरेच्या हाडावरची अशा चार घड्यांची जाडी आणि घनता यांचा संबंध मांडला. मोजणारा उजव्या बाजूची कातडी अंगठा आणि तर्जनीने उचलतो, आतला स्नायू चिमटीत येणार नाही हे पाहतो. मग बोटांपासून सेंटिमीटरभर अंतरावर चिमटा लावून मिलिमीटरमध्ये आकडा वाचतो. प्रत्येक जागा दोनदा मोजली जाते आणि दोन आकड्यांत फरक पडला तर तिसऱ्यांदा. वस्ताद पूर्वी हाताने जे चाचपत असे, त्याला यातून आकडा मिळाला.

हिशेब कसा मांडतात

चरबीचे प्रमाण कळले की पुढचे गणित सोपे आहे. एका पैलवानाचे वजन ८० किलो आणि चरबी १८ टक्के धरली, तर त्याच्या अंगात १४.४ किलो चरबी आणि ६५.६ किलो चरबीरहित भाग, म्हणजे स्नायू, हाडे, अवयव आणि पाणी, असतो. त्याला १० टक्के चरबीवर यायचे आहे. चरबीरहित भाग तसाच राहिला तर नव्या वजनात त्याचा वाटा ९० टक्के असायला हवा. म्हणून ६५.६ ला ०.९० ने भागायचे, उत्तर ७२.९ किलो. उतरवायचे वजन ७.१ किलो.

इथे हमखास होणारी चूक अशी, की १८ मधून १० वजा करून ८० किलोंचे ८ टक्के काढले जातात आणि ६.४ किलो उतरवले की झाले असे मानले जाते. पण वजन घटते तसा टक्केवारीचा पायाही घटतो. ७३.६ किलोंवर आलेल्या या पैलवानाच्या अंगात चरबी १०.९ टक्के उरते.

हाच हिशेब गट निवडायला कामाला येतो. ७४ किलोंच्या गटात त्याची चरबी ११.४ टक्के राहील. ७० किलोंच्या गटात ती ६.३ टक्क्यांवर येईल, जी ५ टक्क्यांच्या रेषेला जवळ आहे. ६५ किलोंचा गट त्याच्या आवाक्यात नाही, कारण त्याचा चरबीरहित भागच ६५.६ किलोंचा आहे. सगळी चरबी काढली तरी काटा जास्तच दाखवेल आणि तिथे बसायचे तर स्नायू किंवा पाणी द्यावे लागेल. त्यातही चरबी शून्यावर येऊ शकत नाही. मेंदू, मज्जा आणि इतर अवयवांसाठी पुरुषाला किमान ३ टक्के आणि स्त्रीला सुमारे १२ टक्के चरबी लागते, असे बेन्के यांच्या परंपरेत मानले जाते. २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. महिला कुस्ती वाढते आहे, तसा हा फरक ध्यानात ठेवणे अधिक गरजेचे झाले आहे.

वेळेचा हिशेब आठवड्याच्या दीड टक्क्यावरून निघतो. ८० किलोंच्या पैलवानाला पहिल्या आठवड्यात १.२ किलो आणि पुढे थोडे थोडे कमी, असे करत ७४ वर यायला किमान पाच-सहा आठवडे लागतात. सहा किलो चरबीला ४६,२०० किलोकॅलरींची तूट हवी, म्हणजे सहा आठवडे रोज सुमारे १,१००. यातला काही भाग खुराकातून कापला जातो आणि काही मेहनतीतून भरला जातो.

या गणिताला दोन मर्यादा आहेत. उतरलेले वजन सगळे चरबीचे नसते, ही पहिली. उतरणाऱ्या वजनात चौथा हिस्सा स्नायूंचा असेल तर १० टक्क्यांवर यायला ७.१ ऐवजी ९.८ किलो उतरवावे लागतात आणि पैलवान त्यात जवळपास अडीच किलो चरबीरहित भाग गमावतो. म्हणून पुरेशी प्रथिने, ताकदीची मेहनत चालू ठेवणे आणि हळू उतरणे यांवर भर असतो. दुसरी मर्यादा मापाची. चिमट्याच्या मापात तीन-चार टक्क्यांची चूक सहज असते. १८ टक्के म्हणून वाचलेली चरबी खरी १५ किंवा २१ टक्के असू शकते आणि त्यानुसार अपेक्षित वजन ७५.६ पासून ७०.२ किलोंपर्यंत कुठेही येते. पायातून सौम्य वीज सोडून चरबी सांगणारी यंत्रे अंगातल्या पाण्यावर विसंबतात. घामाने निथळलेल्या आणि पोटभर पाणी प्यालेल्या माणसाला ती वेगवेगळे आकडे दाखवतात.

पुण्याची दुरुस्ती

ग्लासगोच्या लोकांवर बेतलेली मापे भारतीय देहाला कितपत लागू पडतात, या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातूनच आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्व मापांत लहान होती, पण पाठीवरच्या कातडीच्या घडीत हा फरक सर्वांत कमी होता. बारीक दिसणाऱ्या देहात चरबी तुलनेने जास्त, असा हा बांधा निघाला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता. युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली.

बीएमआयची कल्पना बेल्जियमच्या केटले यांनी १८३२ मध्ये मांडली आणि तिला हे नाव अॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीने त्याच्या रेषा खाली आणल्या. २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर धोका. १.७० मीटर उंचीच्या ८० किलोंच्या पैलवानाचा बीएमआय २७.७ येतो, म्हणजे या तक्त्यात तो लठ्ठ ठरतो. त्याच उंचीचा ६५ किलोंचा, बैठे काम करणारा माणूस २२.५ वर सुरक्षित दिसतो, जरी त्याची चरबी पैलवानाहून जास्त असली तरी. कंबरेची टेप इथे काट्याहून जास्त सांगते, कारण धोका पोटातल्या चरबीत असतो.

आजची स्थिती

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे. बॉक्सिंगसारख्या वजनगटांवर चालणाऱ्या खेळांच्या मुलांना इथे काट्याशी रोजचाच संबंध येतो. शहराच्या जिममध्ये चरबी सांगणारी यंत्रे आली आहेत. जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये जोड अजून नजरेने लागते. तिन्ही पद्धती एकाच पैलवानाच्या आयुष्यात येऊ शकतात: गावच्या मैदानात नजर, जिल्हा निवड चाचणीत काटा, शिबिरात चिमटा.

चौथी अवस्था कुस्ती सुटल्यानंतरची आहे. पैलवानकी सुटते, पण खुराकाची सवय लवकर सुटत नाही. मेहनत थांबल्यावर स्नायू घटतात आणि चरबी वाढते. वजन मात्र कित्येक वर्षे तेवढेच राहू शकते, त्यामुळे काटा काही सांगत नाही. अशा माणसाला आणि कधीच तालमीत न गेलेल्या माणसालाही हिशेब तोच लागू पडतो. आधी चरबी आणि कंबर मोजायची, चरबीरहित भाग काढायचा, हवी ती चरबीची टक्केवारी शंभरातून वजा करून उरलेल्या टक्क्यांनी त्याला भागून वजनाचा पट्टा ठरवायचा, आठवड्याला एक-दीड टक्क्याहून घाई करायची नाही आणि दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा मोजून गणित नव्याने मांडायचे. पुन्हा मोजताना वजन उतरले असूनही चरबीची टक्केवारी तशीच निघाली, तर गेले ते बहुतांशी पाणी किंवा स्नायू. तिथे वजन उतरवणे थांबवून आहार आणि मेहनत आधी सुधारावी लागते.